भिंतीकडचं स्टूल

आत्याबाई, तुम्ही गेलात तेव्हा राळ भरलेली नळी टेबलावरच्या लोखंडी पकडीच्या, वाइसच्या, शेजारी तशीच पडली होती. वाकवून झालेली, गार होऊन दगड झालेली, एका तोंडाला लाकडी बूच ठोकलेलं. दुपारी जेवलात, लेकाला जरा पाठ टेकते म्हणालात आणि उठलाच नाहीत. मी कधी काम असं अर्धवट टाकून वर गेले असते तर तुम्ही मला पुढच्या दसऱ्यापर्यंत ऐकवलं असतं. आता तुम्हाला कोण ऐकवणार? म्हणून मीच लिहायला बसले आहे. उद्या तुमचा तेरावा.

भेटायला येणाऱ्या बायका सोन्यासारखी सासू गेली म्हणतात आणि डोळ्याला पदर लावतात. मीही लावते. सोन्याचं मला काही माहीत नाही, आपला व्यवहार पितळेशी. त्यातल्या निम्म्या जणींना तर अजून पटत नाही की तांबटाच्या घरातली बाई नवऱ्याच्या मागं दुकानात बसली आणि आयुष्यभर बँडवाल्यांचे भोंगे ठोकत राहिली. त्यांना मी तुमची हत्यारं दाखवली. त्यांनी हात न लावता बघितली आणि वर चहाला गेल्या.

मला मात्र पहिल्याच दिवशी त्या हत्यारांचा मोह पडला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. देवळ्याची कांदेवाली सून, दुकानात येऊन विचारते, "हे काय शे?" तुम्ही हसलात. म्हणालात, तुमचं शे देवळ्याला ठेवून ये आणि हात पुढं कर. मग माझ्या ओंजळीत पोलादी गोळ्या ओतल्यात, हरभऱ्याएवढीपासून चिकूएवढीपर्यंत. तुमचा लेक सातपूरच्या भंगारातून बेअरिंगच्या जुन्या गोळ्या निवडून आणायचा तुमच्यासाठी. पोचा आलेल्या नळीत आधी लहान गोळी सोडायची, मग तिच्याहून जरा मोठी, मग आणखी मोठी, आणि बाहेरून लाकडी मोगरीनं हलकं हलकं ठोकत राहायचं. पोचा आतून उठतो. "ठोकू नको, समजूत घाल," असं तुम्ही म्हणायचात. माणसांची समजूत घालायचं मात्र तुमच्या जिवावर यायचं.

गोळ्या शिकवल्यात. भोंग्याच्या आत घालायचे वाकडे लोखंडी दांडे शिकवलेत, कुठल्या वळणाला कुठला दांडा ते. पिस्टन उघडून चिंचेच्या पाण्यात धुवायचे, तेल लावून पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात बसवायचे, अदलाबदल झाली तर वाद्य बोलत नाही, हे शिकवलंत. पुढं टाकणखार लावून डाख देऊन सांधायलाही शिकवलंत, तोही आधी माझ्या हातून घरातल्या फुटक्या तांब्यावर. तो तांब्या अजून गळतो. पण राळ? राळेला हात लावू दिला नाहीत.

नवी नळी वाकवायची म्हणजे पोकळ पितळ दुमडतं, चपटं होतं. म्हणून आत वितळलेली राळ भरायची, ती गार होऊन घट्ट झाली की मग लाकडी ठोकळ्यावर नळी वाकवायची, आणि शेवटी नळी तापवून राळ बाहेर काढायची. भरताना मी पाहिलं. वाकवताना पाहिलं, धरलंही. पण राळ काढायची वेळ आली की तुम्ही म्हणणार, "जा, तिकडं बस." तिकडं म्हणजे भिंतीकडच्या त्या बुटक्या स्टुलावर. आणि मग माझ्याकडं पाठ करून तुम्ही गॅसची बत्ती पेटवणार. तुमची पाठ म्हणजे काय लहान होती? पुढचं टेबलसुद्धा दिसायचं नाही.

मी म्हणायची, आत्याबाई, मला दिसत नाही. तुम्ही म्हणायचात, बस तिथंच, पुढच्या नळीला बघ. किती नळ्या झाल्या, ती पुढची नळी काही आली नाही. मला वाटायचं, कितीही केलं तरी मी बाहेरून आलेली. तांबटांची विद्या लेकीला देतील, सुनेला नाही, आणि लेक उज्ज्वला तर बी.एड. करून शाळेत शिकवते, म्हणजे विद्या तुमच्याबरोबरच जाणार. हे मी एकदा तोंडावर बोलले. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मला आवडतात म्हणून मांडे आणलेत. उत्तर मात्र दिलं नाहीत. मांड्यांनी कुणाचं समाधान होतं का? मी खाल्ले, ते वेगळं.

गेलात त्या सकाळीही तेच झालं. बँडवाल्या रज्जाकभाईंच्या युफोनियमची, त्या मोठ्या भोंग्याची, खालची नळी टेम्पोतून पडून चिरली होती, पोचा काढण्यापलीकडं गेली होती. नवी नळी तुम्ही वाकवलीत, वळण काय सुरेख आलं होतं. मी विचारलं, उद्या राळ काढताना दाखवाल का? तुम्ही नळी पुसता पुसता म्हणालात, बघू. मी फणकाऱ्यानं वर निघून गेले आणि पोळ्या लाटल्या. त्याच पोळ्या तुम्ही शेवटच्या खाल्ल्यात. "बघू" हा तुमचा माझ्याशी शेवटचा शब्द, आणि मला अजून त्याचा राग येतो.

तुम्हाला शेवटची अंघोळ मी आणि उज्ज्वलानं घातली. तेव्हा मी ते पाहिलं. गळ्यापासून छातीपर्यंत काळपट डाग, कुठं चण्याएवढे, कुठं मसुरीएवढे, एका जागी तर ओघळ उतरल्यासारखा पट्टा. गळ्यावरचा एक तुम्ही आम्हाला पुरणपोळीच्या तव्याचा म्हणून सांगितला होतात. पुरणपोळीचा तवा छातीवर कसा जाईल, आत्याबाई? उज्ज्वला तुमची पोटची लेक, तिलाही माहीत नव्हतं. पाठीवर पाणी घातलं, पाठ अगदी स्वच्छ होती.

तुमच्या लेकाला, सुधीरला, विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, राळेची नळी फुटली होती. बाबा गेल्यावर आईनं नुकतं दुकान हातात घेतलं होतं तेव्हा. उकळती राळ अंगावर आली. एवढं सांगून तो उठला, आणि दाराशी जाऊन वळून म्हणाला, "त्या वासानं मला अजून मळमळतं. हे दुकान मला नको."

तेव्हापासून घरात ताण आहे, तो असा. आपल्या घरची रीत तुम्हीच मला सांगितली होती. दुकान चालवणारं माणूस गेलं की ऐरण पालथी घालायची, शेगडी-बत्ती काही पेटवायची नाही, आणि तेराव्याला घरातल्या कुणीतरी ऐरण उजवी करून, हळदकुंकू वाहून तिच्यावर एक घाव घालायचा. ज्यानं घातला, त्याचं दुकान. कुणीच नाही घातला, तर दुकान मिटलं. सासरे गेले तेव्हा तुम्ही घातला होता आणि भावकी म्हणे वर्षभर जेवायला आली नव्हती. सुधीरनं मला सांगितलं की उद्या कुणीही घाव घालायचा नाही. भंगारवाला चौदाव्याला येणार, हत्यारं वजनावर जाणार, गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचा. तुमचे ते दांडे, एकेका वळणासाठी ठोकून घडवलेले, वजनावर. मी ताट सारलं आणि उठले. तो म्हणाला, तुला साधी राळ काढता येत नाही, तू दुकान काय चालवणार? उगाच आईसारखी भाजून घेशील. त्यात काळजी होती हे मला कळत होतं. तरी लागलं, कारण ते खरं होतं.

दहाव्याचं करून आम्ही रामकुंडावरून परत आलो, तर रज्जाकभाई ओट्यावर बसलेले. तुम्ही त्यांच्या वडिलांपासूनची त्यांची वाद्यं सांभाळलीत, म्हातारा रडला. मग टोपी हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "सूनबाई, बोलायला नको या टायमाला. पण माझं युफोनियम तुझ्याकडं नागडं पडलंय."

त्यांना वाजवायचं ते लग्न तेराव्याच्या संध्याकाळी, पंचवटीत. नळी रिकामी करायची, डाख द्यायचा, घासायची, पिस्टन बसवायचे, म्हणजे एक दिवस तरी पाहिजे. तेराव्याची वाट बघून चालणार नव्हतं. रज्जाकभाई म्हणाले, राहू दे, मालेगाववाल्यांचं मागून आणतो, आणि यापुढं सगळेच मेरठहून नवीन मागवतील, जमाना तसाच आहे. त्यांनी ते वाईट हेतूनं म्हटलं नाही. पण मला ऐरणीवर माती पडल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, परवा संध्याकाळी घेऊन जा.

हे ऐकून सुधीर तापला. उज्ज्वला म्हणाली, वहिनी, ऐरण पालथी असताना बत्ती? मी म्हटलं, वर गॅसवर तेरा माणसांचा चहा उकळतो तो चालतो, खाली गॅसची बत्ती चालत नाही का? तिला पटलं. सुधीरला नाही पटलं. शेवटी मीच त्याला म्हटलं, ठरव काय ते. त्यानं त्या नळीकडं बघितलं. मग म्हणाला, "नळी धड निघाली तर तेराव्याला ऐरण तू उजवी कर, मी बोलणार नाही. फुटली तर भंगारवाला." मी हो म्हटलं. म्हणून बसले खरी. तुमची सगळी हत्यारं मी अशा एका कामावर लावली होती, जे मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

आज सकाळी दुकान उघडलं. नळी टेबलावर ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसले, माझ्या नेहमीच्या जागी. तुमच्यावर इतकी चिडले होते की रडू यायला लागलं. कुठून तापवायचं? मधून? बुचाकडून? एवढं एक वाक्य सांगायला तुम्हाला काय झालं होतं? गावभर तोंड चालायचं तुमचं, भाजीवालीला कोथिंबिरीची जुडी कशी बांधावी ते सांगायचात.

मग डोळे मिटले आणि ऐकायला लागले. दिसत नसलं तरी कान होते ना मला. इतकी वर्षं त्या स्टुलावर बसून मी दुसरं काय केलं? आधी टक् असा आवाज यायचा, लाकडाचा. म्हणजे बूच काढायचात, तेही बत्ती पेटवायच्या आधी. मग बत्तीची फुरफुर. आणि लगेच, अगदी लगेच, पातेल्यात टप टप सुरू व्हायची. मधून तापवलं असतं तर राळ वितळून बाहेर यायला वेळ लागला असता. इतक्या लवकर टपकते म्हणजे तोंडाकडचीच आधी वितळत असणार. आणि ते मनात आलं तशी मला खोबरेल तेलाची बाटली आठवली. आपल्या नाशिकच्या थंडीत तेल थिजतं, मी बाटली बुडाकडून गरम पाण्यात ठेवायची, आणि तुम्ही दरवेळी ओरडायचात, "तोंडाकडून गं, तोंडाकडून! खालचं फुगलं तर जाईल कुठं?" मला वाटायचं, म्हातारीला तेलाच्या बाटलीतही खोड काढायची हौस.

खालचं फुगलं तर जाईल कुठं. म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत. भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी, ओरडून का होईना, पण सांगितलं होतंत.

बूच काढलं. टक् आवाज आला, तोच. नळी वाइसमध्ये धरली, मोकळं तोंड खाली पातेल्यावर, मोरीच्या बाजूला. फडकं ओलं करून मनगटाला गुंडाळलं. बत्ती तिसऱ्या काडीला पेटली, खोटं कशाला सांगू. सुधीर दाराबाहेर ओट्यावर उभा राहिला, आत आला नाही. उज्ज्वला मात्र आली. कशी काढतात ते बघते म्हणाली आणि सरळ नळीच्या तोंडासमोर येऊन वाकून उभी राहिली.

मी विचार केला नाही, आत्याबाई. कोपरानं तिला मागं ढकललं. "जा, तिकडं बस." ती स्टुलावर जाऊन बसली, आणि मी तिच्याकडं पाठ केली, चांगली रुंद पाठ, पदर खोचून, मध्ये उभी. ज्योत नळीच्या तोंडाला लावली. फुरफुर सुरू झाली, राळेचा तो वास पसरला, आणि मागून उज्ज्वला म्हणाली,

"वहिनी, मला काही दिसत नाही."

"बस तिथंच," मी म्हटलं. तो आवाज माझा नव्हता, तुमचा होता.

बत्ती हातात असताना डोळ्यांत पाणी आलेलं चालत नाही. मी दात दाबून धरले. तुमच्या छातीवरचे डाग माझ्यासमोर होते आणि तुमची स्वच्छ पाठही, आणि त्या पाठीमागं इतकी वर्षं मी बसले होते, साधा चटकासुद्धा न लागता. तुम्ही विद्या झाकत नव्हतात, मला झाकत होतात.

पहिला थेंब पडला. मग दुसरा. ज्योत तोंडाकडून हळूहळू वर सरकवत नेली, घाई केली नाही, समजूत घालत नेली. वळणापाशी आले तेव्हा आत बुडबुड असा आवाज झाला. मी ज्योत मागं घेतली, पुन्हा तोंडापासून सुरू केलं. मग एकदम सुटली, काळी, चकचकीत धार, पातेलं भरत आलं. नळी गार झाल्यावर मला हात लावायचा धीर होईना. सुधीर आत आला. नाकाला रुमाल होता. त्यानं तुमच्या डब्यातून एक गोळी निवडली, त्यानंच सातपूरहून आणलेली असणार, आणि नळीच्या एका तोंडातून आत सोडली. नळी हळूच कलती केली. गोळी वळण घेऊन घरंगळत दुसऱ्या तोंडातून बाहेर आली आणि त्याच्या तळव्यावर पडली. कुठं अडली नाही. तो म्हणाला, "आईचं वळण आहे." मग मोरीत जाऊन त्यानं तोंड धुतलं, पुष्कळ वेळ धूत राहिला.

दिवेलागणीला रज्जाकभाई युफोनियम घेऊन गेले. ओट्यावरच एकदा फुंकून बघितलं, एकच लांब सूर. आळीतली माणसं बाहेर आली. सुतकाच्या घरासमोर वाजवलं म्हणून कुणी बोललं नाही.

उद्या ऐरण मी उजवी करणार. पण तुमच्याशी माझं भांडण मिटलं असं समजू नका. तुम्ही मला झाकलंत, त्याचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही, आणि तुमच्याशिवाय ते दुकान आज इतकं मोठं वाटलं की मी दोनदा वर निघून गेले. हे सगळं खरं. तरी तुम्ही पाठ वळवली नाहीत आणि तोंडही उघडलं नाहीत, त्यात मी आज भाजले असते. राळ काढणं धोक्याचं आहे एवढं म्हणाला असतात तर मी स्टुलावर रुसून बसले नसते, विश्वासानं बसले असते.

उज्ज्वला आता म्हणते, सुट्टीत येईन, मला शिकव. मी हो म्हटलं आहे. संध्याकाळी सगळे वर गेल्यावर मी ते स्टूल घेऊन दुकानभर फिरले, कुठं ठेवावं म्हणून. भिंतीकडून दिसत नाही, मोरीकडं राळ उडेल. शेवटी स्टूल ठेवून दिलं आणि माडीच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन टेकले, जिथं तुम्ही दुपारी लसूण सोलत बसायचात. तिथं अंगावर काही येत नाही, पुढं उभ्या माणसाची पाठ मध्ये राहते, आणि त्याच्या खांद्यावरून नळी, ज्योत, पातेलं, सगळं दिसतं. उज्ज्वलाला तिथं बसवीन. मी बसून पाहिलं, आत्याबाई.